सरांचं तोंड दक्षिणेला

सरांबरोबर बाहेर जेवायला जायची वेळ आली की मी आधीच कानकोंडी व्हायचे. वेटर टेबल दाखवायचा. सर बसायचे नाहीत. खिशातून एक छोटं पितळी होकायंत्र काढायचे, तळहातावर धरायचे आणि सुई थरथरायची थांबेपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहायचे. मग वेटरला म्हणायचे, "भैया, ये कुर्सी उधर चाहिए." उधर म्हणजे कधी खांबासमोर, कधी बाथरूमच्या दाराकडे तोंड करून, एकदा तर माशांच्या टाकीच्या काचेला नाक लागेल इतकी जवळ. दक्षिण जिकडे असेल तिकडे सरांचं तोंड. आजूबाजूची माणसं माना वळवून बघायची, वेटर एकमेकांना खुणा करायचे, आणि मी मेन्यूकार्ड डोळ्यांसमोर धरून त्याच्या आड गडप व्हायचा प्रयत्न करायचे.

सरांना यात लाजण्यासारखं काही दिसायचंच नाही. त्यांच्या वाट्याची लाजही माझ्याकडेच जमा व्हायची.

अबू धाबीतल्या एका इंटिरिअर कंपनीत मी लागले तेव्हा सर तिथे डिझाइन हेड होते. मूळचे नाशिकचे, साठीला टेकलेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारे. इकडे येण्याआधी ते बरीच वर्षं बीजिंगमध्ये एका हॉटेल बांधणाऱ्या कंपनीत होते. सुट्टीच्या दिवशी करण्यासारखं काही नसायचं म्हणून जुने राजवाडे बघत हिंडायचे, आणि तिथून जे डोक्यात घेऊन आले ते पुढे कधी उतरलं नाही. चीनचा सम्राट उत्तरेला पाठ आणि दक्षिणेला तोंड करून बसायचा. दरबारी समोर उभे, म्हणजे त्यांची तोंडं उत्तरेला. तिथल्या जुन्या भाषेत दक्षिणेकडे तोंड करणं म्हणजे राज्य करणं आणि उत्तरेकडे तोंड करणं म्हणजे चाकरी करणं. हे सर इतक्या तृप्तीनं सांगायचे, जणू काही हा नियम त्यांना विचारून ठरवला होता.

ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा व्हायची.

"होकायंत्राची सुई कुठली दिशा दाखवते?"

"उत्तर," समोरचा म्हणायचा.

"चिनी माणूस म्हणेल, दक्षिण. त्यांच्याकडे होकायंत्राचं नावच दक्षिण दाखवणारी सुई. सुई तीच आहे. तिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे आपण ठरवायचं."

नवीन माणूस हसून मान हलवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना विचारायचा, की सर नेहमी असेच असतात का. बाकीचे त्याला केबिन दाखवायचे. सरांच्या केबिनला एका बाजूला मोठी काच होती, तिच्यातून पाणी आणि खारफुटीची झाडं दिसत. कंपनीनं टेबल असं मांडलं होतं की बसणाऱ्याला तो देखावा दिसावा. सरांनी आल्या आल्या टेबल फिरवलं. आता त्यांच्यासमोर कोरी भिंत आणि एसीचा डबा होता आणि दाराकडे पाठ. आत जाणाऱ्याला टेबल आणि फायलींच्या कपाटामधल्या फटीतून अंग चोरून पुढे जावं लागे आणि भिंतीला पाठ टेकून, उत्तरेकडे तोंड करून बोलावं लागे. सरांच्या दृष्टीनं हे अगदी रीतसर होतं. त्यांच्यामागे सगळे त्यांना एम्परर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला आता वाटतं, थोडं आवडतही होतं.

आम्ही दोघंही खलिफा सिटीतच राहायचो. आमची जागा म्हणजे एका व्हिलाचे तुकडे करून केलेल्या घरांपैकी एक, मागच्या दारानं शिरायची. सरांकडे मात्र पूर्ण तळमजला आणि पुढे भिंतीनं बंद केलेलं अंगण होतं. सरांच्या मिसेसनी, म्हणजे काकूंनी, मला पहिल्याच भेटीत जेवायला बसवून घेतलं होतं. त्यानंतर माझा नवरा केदार, आमची सई आणि मी, सुट्टीच्या दिवशी बहुधा तिथेच असायचो. काकू शांत होत्या. सर बोलत असताना त्या भाजी निवडत, आणि सरांचं सांगणं फारच लांबलं तर एवढंच म्हणत, "अहो, त्यांना भूक लागली असेल."

काकूंनीच मला त्यांच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. सरांच्या आई तीन महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी पानं वाढली आणि सर नेहमीप्रमाणे दक्षिणेकडे तोंड करून बसले. आई ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "माझं अजून व्हायचंय. मी जिवंत असताना तू दक्षिणेकडे तोंड करून जेवतोस?" आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा, आईवडील असताना कुणी तिकडे तोंड करून घास घेत नाही. सरांनी एक अक्षर न बोलता ताट उचललं आणि पूर्वेकडे तोंड करून बसले. आई इकडे होत्या तोवर ते तसेच जेवले. "सम्राटसुद्धा आईपुढे गुडघे टेकायचा," असं त्यांनी नंतर काकूंना ऐकवलं. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, मग सम्राटानं आईची औषधंही वेळेवर आणावीत."

हे सांगताना त्या हसल्या. मलाही सर त्या दिवशी जरा आवडले होते. पण ते असे आवडायला लागले की लगेच काहीतरी करून ठेवायचे.

त्यांनी मातीचं काढलं. चिनी राजधानीत म्हणे एक चौथरा असतो, त्यावर पाच रंगांची माती: पूर्वेला हिरवी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी आणि मधोमध पिवळी. सम्राट एखाद्याला दूरच्या मुलखाचा कारभार सोपवायचा तेव्हा त्या दिशेच्या रंगाची मूठभर माती त्याला द्यायचा. सरांच्या लक्षात आलं की या देशातही सगळे रंग जवळजवळ त्याच दिशांना आहेत. दक्षिणेला लिवाच्या तांबूस टेकड्या. पश्चिमेला मिठानं पांढऱ्या पडलेल्या सपाट जमिनी. पूर्वेला फुजैराकडच्या डोंगरात हिरवट दगडांचा चुरा. उत्तरेला रास अल खैमाचे काळपट डोंगर. आणि मधली पिवळी त्यांच्या अंगणातच होती. ही माती गोळा करायला आम्ही दोन्ही कुटुंबं सरांच्या गाडीतून हिंडलो.

लिवाच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली तेव्हा सर टेकडीच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून काकूंच्या पोळ्यांच्या डब्यात वाळू भरत होते. तरुण पोलीस होता, नम्र. त्यानं विचारलं, काय करताय. सरांनी त्याला सम्राटापासून सांगायला सुरुवात केली. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभे. केदार माझ्याकडे न बघता दात आवळून म्हणाला, "यांना कुणीतरी आवरा." पोलिसानं सगळं ऐकून घेतलं, डब्यात डोकावून बघितलं, आणि काकूंना म्हणाला, "मदर, टू हॉट फॉर यू. यल्ला, गो होम." सईनं हे पुढे आठवडाभर शाळेत सगळ्यांना सांगितलं.

अंगणात पाच रंगांच्या मातीचा चौकोन छान जमला होता. सर तो दाखवायला लोकांना बोलवायचे. गल्लीतल्या मांजरांनाही तो आवडला. काकू रोज सकाळी हातात रबरी मोजे घालून आधी पाचही दिशांची सफाई करायच्या.

माती घेऊन परत येताना गाडीत एकदा सईनं विचारलं होतं, "बट अंकल, डझ द एम्परर नेव्हर टर्न अराउंड?"

सर म्हणाले, "वळतो ना. वर्षातून एकदा. थंडीत, सगळ्यात लहान दिवस असतो त्या दिवशी तो शहराच्या दक्षिणेला जातो आणि आकाशापुढे उभा राहतो. तेव्हा त्याचं तोंड उत्तरेला. कारण तेव्हा तो धाकटा असतो."

"देन ही मस्ट फील वेअर्ड," सई म्हणाली.

सरांनी आरशातून तिच्याकडे बघितलं आणि एसी वाढवला.

आमच्या कंपनीला चिनी रेस्टॉरंटचं काम मिळायची शक्यता निर्माण झाली, तेव्हा केदारची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. त्याची कंपनी इथला कारभार गुंडाळून गेली होती. केदारचा आणि सईचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर होता. हे ऑफिसात फक्त सरांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "काळजी करू नकोस, मी आहे."

रेस्टॉरंट पाण्याकाठच्या एका टॉवरमध्ये व्हायचं होतं. मालकीण शेंझेनची, माझ्याच वयाची, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिला राजेशाही थाटाचं काहीतरी हवं होतं. सर महिनाभर घरी नीट जेवले नाहीत. वर्षानुवर्षं जे लोकांनी हसत ऐकलं होतं ते आता खऱ्याखुऱ्या चिनी माणसासमोर मांडायचं होतं. मुख्य दालनात उत्तरेला मानाचं आसन, तिथून समोर दक्षिण. पूर्वेच्या भिंतीवर हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला तांबडा पक्षी, उत्तरेला काळं कासव. आराखडे मी काढत होते, ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. आम्ही नकाशा काढतो तेव्हा इमारत कागदावर सरळ बसावी म्हणून ती फिरवून घेतो, आणि सोयीसाठी कागदाच्या वरच्या बाजूला उत्तर म्हणतो. खरी उत्तर वेगळी असते. ती दाखवायला कोपऱ्यात एक तिरका बाण काढतात. अबू धाबीचे रस्तेच तिरके आहेत. सगळे समुद्राला उत्तर म्हणतात, पण तो खरा वायव्येला आहे. मी नियमाप्रमाणे दोन्ही बाण काढले होते.

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा तिरका काढून टाक."

"सर, ती खरी उत्तर आहे."

"एका शीटवर दोन उत्तरा कशाला? घाण दिसतं. एकच ठेव."

मी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी बाण काढून टाकला. नकाशाखाली काढणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव होतं, तपासणाऱ्याच्या चौकटीत त्यांचं.

मीटिंगला आमचे लेबनीज मालक स्वतः आले होते. सर त्या दिवशी फार सुंदर बोलले. मी त्यांना इतकं नीट, इतकं थोडक्यात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती बाई लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, की मानाचं आसन पाण्याकडे पाठ करून कसं. इथे येणारा माणूस समुद्र बघायला येईल, लिफ्टचं दार बघायला नाही.

सर हसले आणि म्हणाले, "मॅडम, समुद्र आज आहे. दिशा तीन हजार वर्षं आहे. ही तुमची परंपरा आहे, तुम्हाला ठाऊक हवं."

मालकांनी खुर्चीत चुळबुळ केली. त्या बाईनं फोन काढला, त्यावर शहराचा नकाशा उघडला आणि फोन टेबलावरून सरांकडे सरकवला. नकाशात आमची इमारत चक्क तिरकी उभी होती. आमचं उत्तरेचं आसन वायव्येला पडत होतं आणि त्याचं तोंड आग्नेयेला. पूर्वेचा ड्रॅगन ईशान्येच्या भिंतीवर चढला होता. तिला समुद्रही मिळत नव्हता आणि दिशाही.

"सो विच साउथ इज धिस, सर?" तिनं विचारलं. आवाज अजूनही मऊच होता. तिच्याबरोबर आलेला एक तरुण खाली मान घालून हसला.

सर त्या फोनकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, निदान सॉरी तरी. मग त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या दिशेनं हात केला आणि म्हणाले, "आय टोल्ड हर टु शो ट्रू नॉर्थ. यंग पीपल डोन्ट चेक."

काम गेलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं, सर तिथेच बसले होते. मालक म्हणाले, महिनाअखेरपर्यंत दुसरी नोकरी बघ. मी इंग्रजीत म्हटलं, "तो तिरका बाण मी दाखवला होता. सरांनीच पुसायला सांगितला." मालकांनी सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "मला तसं आठवत नाही."

ते मराठीत म्हणाले. घाबरून त्यांना भाषेचंही भान राहिलं नसावं. मग स्वतःच त्याचं इंग्रजी करून मालकांना सांगितलं. दोन्ही भाषांत मला ते ऐकावं लागलं. मी रडले नाही. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, एवढंच आठवतं. दुसऱ्याचं काहीतरी उघडं पडलेलं आपल्याला अचानक दिसावं आणि आपणच तोंड फिरवावं, तसं झालं होतं.

घरी केदार म्हणाला, "त्याच्या वाळूचा डबा धरून उभे होतो आपण."

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात काकू आणि त्यांच्यामागे सर. काकूंच्या हातात काही नव्हतं, आणि त्या कधीच रिकाम्या हातानं येत नसत. काकू म्हणाल्या, "यांना तुमच्याशी बोलायचंय. मी फक्त बरोबर आलेय."

आमच्याकडे एकच सोफा. सर आले की त्याच्या उजव्या टोकाला बसायचे, त्यांची जागाच होती ती. त्या दिवशी ते तिथे बसले नाहीत. सईचा अभ्यासाचा छोटा स्टूल ओढून त्यावर बसले, गुडघे छातीशी आले. त्यांचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मी बघितलं नाही.

"मला आठवत होतं," ते म्हणाले.

केदारनं सईला आत जायला सांगितलं.

"आणि तू बाण दाखवलास तेव्हाच मला कळलं होतं. तो खरा धरला असता तर सगळं नव्यानं करायला लागलं असतं. इतकं छान जमलं होतं ते. म्हटलं, कोण बघतंय. इथे कुणाला माहितीये दक्षिण कुठे आहे." ते थांबले. "इतकी वर्षं सगळ्यांना तेच विचारत आलो, आणि..."

काकू खिडकीकडे बघत होत्या. पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, की आदल्या दिवशी, शनिवारी, जेवताना सरांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी फक्त ताट बाजूला सारून विचारलं, "त्या पोरीच्या घरात किती माणसं आहेत, माहितीये ना तुम्हाला?"

सर म्हणाले, "उद्या ऑफिसात मालकांना सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

केदार म्हणाला, "उद्या का? आत्ता फोन करा."

"केदार," मी म्हटलं.

"स्पीकरवर," केदार म्हणाला.

सरांनी फोन काढला. दोनदा चुकीच्या ठिकाणी बोट पडलं. मी नको म्हणायला हवं होतं का? माझा महिना संपत आला होता. मी काही म्हटलं नाही. मालकांनी फोन उचलला तेव्हा पलीकडे लहान मुलांचा गोंगाट आणि कसलंसं संगीत होतं, कुणाचातरी वाढदिवस असावा. सरांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, की चूक माझी होती, मी जाणूनबुजून केली, नंतर खोटं बोललो, तिला काढू नका, मला काढा.

मालक म्हणाले, "व्हॉट? हू?" सरांना पुन्हा सगळं सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"हबीबी, इट्स संडे," मालक म्हणाले. "द क्लायंट इज गॉन एनीवे. टेल हर टु कम टुमॉरो. यू ऑल्सो कम. खलास." आणि फोन बंद झाला.

आमच्या घरातला एवढा मोठा प्रसंग मालकांनी केक कापता कापता मिटवला होता. माझी नोकरी राहिली होती, आणि कुणालाच आनंद झाला नाही. सरांनी स्वतःला मोठ्या शिक्षेसाठी तयार केलं होतं. ती त्यांना कुणी दिलीच नाही. ते फोन हातात धरून त्या बुटक्या स्टुलावर बसून राहिले. सई आतल्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "अंकल, आर यू क्राइंग?"

"नो नो," सर म्हणाले, आणि रुमाल शोधायला लागले. तो सापडेना. काकूंनी आपला पदर पुढे केला. केदार उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

मला माफी हवी होती. आठवडाभर मी मनातल्या मनात ती त्यांच्याकडून वदवून घेत होते. ती अशी समोर येऊन बसली तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी "असू दे सर" म्हटलं, चहा विचारला. ते नको म्हणाले.

सोमवारी मी गेले तेव्हा त्यांच्या केबिनमधलं टेबल कंपनीनं मांडलं होतं तसं परत झालेलं होतं. आत जायला फटीतून जावं लागत नव्हतं. सरांसमोर आता पाणी आणि झाडं होती, पण ते क्वचितच मान वर करून बघायचे. नवीन मुलगा आला, त्याला कुणी होकायंत्राचा प्रश्न विचारला नाही. लोक म्हणाले, एम्परर सुधारले. जेवायला गेलो की ते वेटर दाखवेल तिथे बसायचे. आता कुणी वळून बघत नव्हतं, आणि मला ते पूर्वीच्या बघण्यापेक्षा जास्त लागायचं. अंगणातल्या पाच रंगांची त्या हिवाळ्यात मांजरांनी आणि वाऱ्यानं मिळून एकच भुरी माती केली. काकूंनी ती झाडून कुंड्यांत भरली.

वर्ष संपता संपता सर राजीनामा देऊन नाशिकला गेले. आई थकल्या होत्या, तेच कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तोपर्यंत केदारला काम मिळालं होतं. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. सरांनी केदारचा हात हातात घेतला. केदारनं तो हळूच सोडवून त्यांच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या.

ती शेंझेनची बाई मला पुन्हा दिसली शारजातल्या एका टाइल्सच्या दुकानात. मी तिला टाळून कपाटामागे सरकणार, एवढ्यात तिनंच हाक मारली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारलं, "ते तुमचे वयस्क सर कुठे असतात?" मी सांगितलं, भारतात परत गेले. तिचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळे?"

"नाही, नाही. त्यांची आई आजारी आहे."

ती हातातल्या टाइलची कड बोटानं घासत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, की मला त्या दिवसाची लाज वाटते. ते जे बोलत होते ते बहुतेक सगळं बरोबर होतं. लहानपणी आजीकडून ऐकलेलं. मला फक्त समुद्र हवा होता. तेवढं सांगता आलं असतं. वडीलधाऱ्या माणसासमोर तसा फोन सरकवायला नको होता. माझ्या माणसांसमोर तर नकोच.

मी तिला सगळं सांगू शकले असते. सांगितलं नाही. सरांचा नंबर दिला.

काही दिवसांनी मी नाशिकला फोन केला. आम्ही मधून मधून बोलायचो. तब्येत, आईची औषधं, सईची शाळा. त्या दिवशी सरांचा आवाज जरा वेगळा होता.

"अगं, तिचा फोन आला होता," ते म्हणाले. "किती वेळ सॉरी म्हणत होती. मला ऐकवेना. मी म्हटलं, बाई, पुरे. खरं काय झालं ते मी सांगितलं तिला. बाणाचं. सगळं."

"मग?"

"मग ती गप्पच झाली. मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाली, तिच्या आजीचं गावाकडचं घर पाडून टाकलंय, तिथे आता रस्ता आहे. घराचं दार कुठल्या दिशेला होतं ते तिला काही केल्या आठवत नाही, आणि सांगणारं आता कुणी राहिलं नाही. मी म्हटलं, फोटो आहे का एखादा? उन्हातला असला तर सावलीवरून बघतो."

"पाठवला?"

"पाठवला ना. समोरच आहे माझ्या. आजी अंगणात बसलीय, मागे दार. सावली चांगली लांब आहे. पण फोटो सकाळचा की संध्याकाळचा, तेच कळत नाही. त्यावर सगळं अवलंबून आहे." ते बहुधा फोटो डोळ्यांजवळ नेत असावेत, आवाज लांब गेला. "मांडीत सूप आहे तिच्या. तांदूळ निवडतेय. तांदूळ सकाळीच निवडतात ना गं?"

"मला नाही सांगता यायचं, सर."

"नक्की माहीत नसताना काही कळवायचं नाही मला तिला. थांब जरा, हिला विचारतो," ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून काकूंना हाका मारत आत गेले.